शॉकअपवाले ठवकर

ठवकर मंडळी मला बघायला विश्रांतवाडीला आमच्या घरी आली, तेव्हा पोहे संपायच्या आतच मुलाचे वडील बैठकीतून नाहीसे झाले. आईला वाटलं, हात धुवायला गेले असतील. बराच वेळ झाला तसे माझे वडील, म्हणजे अप्पा, जिन्यावरून खाली डोकावले. हे गृहस्थ आमच्या जुन्या फियाटच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकून गाडी खाली दाबत होते, सोडत होते आणि मान तिरकी करून बघत होते.

"पुढचा डावा शॉकअप गेलाय," ते अप्पांना म्हणाले. "दाबून सोडली की गाडीनं एकदा वर येऊन गप्प बसायला पाहिजे. ही नाचत राहते."

त्या फियाटबद्दल कोणी वावगं बोललेलं अप्पांना खपत नसे. पण त्या दिवशी ते शर्टाच्या बाह्या वर करून खाली वाकले, आणि दोघं व्याही, म्हणजे तोवर न झालेले व्याही, गाडीखाली टॉर्च मारत बसले. वर मी आणि अनिरुद्ध एकमेकांना छंद विचारत होतो. आई अजून म्हणते, लग्न पार्किंगमध्ये ठरलं, तुम्हाला फक्त कळवलं.

रंगनाथ ठवकर मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. घरात हातमाग होते. त्यांनी आयटीआय केलं आणि पुण्याला येऊन स्कूटर-मोपेडचे शॉकअप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. एक यंत्र शॉकअपला दिवसभर वरखाली ओढायचं आणि हे शेजारी उभं राहून आवाज ऐकायचे, नळीला हात लावून किती तापली ते बघायचे, आणि पास-नापास सांगायचे. मग नव्वदच्या पुढे बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या, आणि त्यांच्या खात्यात स्वतःच आलेख काढणारं परदेशी यंत्र आलं. त्याच्यामागून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. "स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी," एवढंच ते त्याबद्दल बोलत.

अनिरुद्धची नोकरी हडपसरला, म्हणून सगळे तिथल्या नव्या सोसायटीत राहायला आले. बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तिथं ओळखीचं कोणी नव्हतं. सकाळी खाली उतरायचे आणि पार्किंगमधल्या स्कूटर एकेक करून दाबून बघायचे. ज्याचा शॉकअप खराब, त्याला थांबवून सांगायचे. महिन्याभरात लिफ्टपाशी पाटी लागली: 'दुसऱ्याच्या वाहनास कामाशिवाय हात लावू नये. ज्यांना काम नाही त्यांनी तर नाहीच.' पाटीवर नाव नव्हतं, पण गरजही नव्हती. त्यानंतर बाबा खाली जाईनासे झाले. बाल्कनीत पेपर घेऊन बसायचे. पानं उलटल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा ते असे होते. माझ्याशी प्रेमानं वागायचे, पण बोलणं 'जेवलीस का' आणि 'उशीर झाला का' यापलीकडे जात नव्हतं.

मी जवळच्याच आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा अनिरुद्धला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. घरात आम्ही तिघं उरलो. मी एक जुनी झेन घेतली. गाडी चालवायचं वेड मला लहानपणापासूनचं. अप्पांनी मला आळंदी रस्त्यावर शिकवलं होतं. ऑफिसात माझ्यासारखी वेडी आणखी चार टाळकी होती. त्यांच्याकडून कळलं की कोइम्बतूरजवळ रेसचा ट्रॅक आहे आणि तो एक दिवस हौशी लोकांना उघडणार आहेत. आपलीच गाडी न्यायची, आपणच पळवायची. मी नाव देऊन टाकलं. घरी बोलले नाही. सुनेनं रेस लावायची हे कोणत्या तोंडानं सांगणार?

इंटरनेटवर वाचून वाचून मी कडक, आखूड स्प्रिंगा मागवल्या आणि एका गॅरेजमधून बसवून घेतल्या. गाडी खाली बसली. दिसायला अशी झाली की मी पार्किंगमध्ये दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई मुक्ताबाईंना, जवळच्या मांजरी गावात त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. दोघांना मागे बसवून निघाले. पहिल्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. दुसऱ्या खड्ड्यात असा दणका बसला की आईंच्या मांडीवरच्या डब्यातली पाटवडीची रस्साभाजी त्यांच्या लुगड्यावर आली. आईंची पाठ आधीच दुखरी. मांजरीला उतरल्यावर त्या कंबर धरून म्हणाल्या, "येताना मी बसनं येईन बाप्पा. काहून केलं असं गाडीला?"

बाबा उतरले, पुढं आले, मडगार्डवर हात ठेवले आणि दाबून सोडलं. गाडी डुचमळत राहिली.

"स्प्रिंगा बदलल्यास. शॉकअप जुनेच ठेवलेस."

मी मान हलवली.

"कशासाठी?"

मग मात्र मी सगळं सांगितलं. ट्रॅक, कोइम्बतूर, नाव दिल्याचं. रागावतील म्हणून खाली बघत होते. शेवटी वर पाहिलं, तर ते गाडीच्या चाकाकडे बघत होते. लग्नाआधी अप्पांच्या फियाटकडे बघत होते म्हणतात ना, तस्संच.

"हीच गाडी तिथपर्यंत चालवत न्यायची? आणि पळवून परत आणायची?"

"हो. ट्रकवर घालून न्यायला आपण काय कंपनी आहोत?"

"म्हणजे रस्त्यावरही चालली पाहिजे आणि तिथंही. आणि मुक्ताची पाठ." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग म्हणाले, "मग नीट करू."

नीट करायला सुरुवात झाली ती भांडणानं. स्प्रिंगा मध्यम कडक घ्यायच्या आणि गाडी अगदी थोडीच खाली बसवायची, इथपर्यंत आमचं एकमत झालं. स्प्रिंग गाडीला उचलते, पण तिला नाचू द्यायचं नाही हे काम शॉकअपचं, तेव्हा दोन्ही एकमेकांना साजेसे हवेत, हे त्यांनी मला पेन्सिलीनं पेपरच्या कडेला काढून दाखवलं. घोडं अडलं ते कॅम्बरवर. मला पुढची दोन्ही चाकं वरच्या बाजूनं किंचित आत झुकलेली हवी होती. बाबा ऐकायलाच तयार नव्हते.

"चाक सरळ उभं पाहिजे. वाकडं चाक म्हणजे बिघडलेलं चाक."

"बाबा, वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते. चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं. मग टायर नुसत्या कडेवर चालतो. आधीच आत झुकवून ठेवलं तर वळणात सपाट बसेल."

"मी जन्मभर शॉकअप तपासलेत."

"स्कूटरचे. स्कूटर वळणात स्वतःच आत झुकते."

हे जरा जास्तच झालं असं मला बोलल्यावर वाटलं. संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "सिद्ध कसं करशील?"

मी कुठंतरी वाचलेला खडूचा प्रयोग सांगितला. पुढच्या रविवारी आयटी पार्कच्या मागे, जिथं इमारती व्हायच्या होत्या पण रस्ते आधीच झाले होते, तिथं आम्ही गेलो. टायरच्या बाहेरच्या कडेवर खडूनं जाड पट्टे ओढले. मी मोकळ्या चौकात गाडी जोरात गोल गोल फिरवली. मग बाबांनी उकिडवं बसून पाहिलं. कडेवरचा खडू पार खालपर्यंत पुसला गेला होता. टायर आपल्या कडेवर, जवळजवळ गालावर चालत होता. त्यांनी दुसऱ्या बाजूलाही खडू लावायला सांगितलं, पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा पाहिलं. मग हातावरचा खडू झटकत म्हणाले, "कबूल. तुझं बरोबर आहे."

इतक्या वर्षांत मला ऑफिसात कोणी इतकं चोख बोललेलं नाही.

शॉकअपसाठी त्यांना भोसरीला जायचं होतं. त्यांच्याच खात्यातले बाबुराव निवृत्तीनंतर तिथं छोटं वर्कशॉप चालवत होते. शॉकअप उघडून आतल्या झडपा आणि तेल बदलून देत. कारखाना सुटल्यापासून बाबा त्या बाजूला एकदाही फिरकले नव्हते. मी गाडीतून नेलं. नाशिक फाट्यापासून पुढे ते खिडकीची काच वरखाली करत होते. वर्कशॉपच्या दारात उतरले आणि तिथंच घुटमळले.

आतून तेलकट हाताचा एक जाडसर माणूस बाहेर आला. क्षणभर बघत राहिला.

"ठवकर! अरे, मला वाटलं तू वर गेलास!"

"वर नाही, हडपसरला गेलो."

"फरक काय त्यात?" म्हणून बाबुरावांनी त्यांना मिठी मारली. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे दोन काळे पंजे उमटले, आणि तो शर्ट आईंनी पुढं कितीही धुतला तरी ते गेले नाहीत.

त्या दुपारी मी एक वेगळाच माणूस पाहिला. मोठ्यानं बोलणारा, हातवारे करणारा, बाबुरावांच्या हातातून पाना हिसकावून घेणारा. दोघं झडपेच्या पातळ चकत्यांवरून असे भांडले की शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं बघायला आली. मध्येच बाबा माझ्याकडे वळून म्हणायचे, "चैताली, तुझं काय म्हणणं?" आणि खरंच उत्तरासाठी थांबायचे. निघताना बाबुरावांनी कॅम्बरसाठी एक खास बोल्टही लेथवर करून दिला. तो फिरवला की चाकाचा माथा आत झुकायचा.

शॉकअप बसले. आता तपासणी. बाबांनी त्यासाठी आईंना मागच्या सीटवर बसवलं. आईंनी आधी ठाम नकार दिला, मग 'मांजरीपर्यंतच' म्हणून बसल्या. येऊन सांगितलं, "पाठीला काही नाही. पण मान झटकते."

मी म्हटलं, "आई, रस्ताच तसा आहे."

बाबांनी मला हातानं थांबवलं. "मान झटकते म्हणजे शॉकअप परत येताना जास्त अडवतोय. पुन्हा उघडावा लागेल."

पुन्हा भोसरी. पुन्हा मांजरी. आईंच्या बहिणीला कळेना की ही रोज काय येऊन बसते. तिसऱ्या खेपेला आई म्हणाल्या, "बरं आहे." बाबांनी विचारलं, "बरं म्हणजे?" त्या म्हणाल्या, "बरं म्हणजे बरं. तुमच्याशी लग्न झालं तेव्हाही मी एवढंच म्हटलं होतं."

शेवटी अलाइनमेंट. हडपसर गाडीतळाजवळ संपतचं दुकान होतं. त्यानं नुकतंच संगणकाचं यंत्र आणलं होतं. चाक बरोबर असलं की पडद्यावर हिरवं, नसलं की लाल. आम्ही सांगितलेलं कॅम्बर लावल्यावर पडदा लालभडक झाला. संपत कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, सगळं गाव हिरवं करून मागतंय. लाल मागणारं पैलं गिऱ्हाईक तुमीच हाय. बाहेर कुनाला सांगू नका, माझ्याकडनं केलंय म्हनून."

पण त्यालाही चव आली. चाकं वरून बघताना पुढच्या बाजूनं किती आत-बाहेर वळलेली आहेत, त्याला टो म्हणतात. ते शेवटीच लावायचं, कारण कॅम्बर हललं की टोही हलतं, हे त्यानंच आम्हाला बजावलं. ट्रॅकवर चाकं नखभर बाहेर वळलेली असली की गाडी चटकन वळते, पण हायवेवर तशीच चालवली तर ती भरकटते आणि टायर खाते. म्हणून प्रवासापुरती चाकं समांतर ठेवायची आणि ट्रॅकवर पोचल्यावर फिरवायची असं ठरलं. संपतनं कुठवर फिरवायचं तिथं पांढऱ्या रंगाची खूण करून दिली. "कॅम्बरनं टायर खाल्ला जाईल, पन सावकाश," तो म्हणाला. "टो चुकला तर कोल्हापूर यायच्या आत टायर संपंल."

निघायच्या आधी आईंनी बॉम्ब टाकला. "कोइम्बतूर कुठं आलं?" बाबांनी नकाशा दाखवला. त्यांनी बोट खाली सरकवलं. "आणि रामेश्वर हे इथंच की. मग मी काय घरी बसू?"

अशी आमची रेसची गाडी निघाली. मागे हेल्मेट, जॅक, हवा मारायचा पंप, आणि त्यावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, गंगाजलाचा गडू आणि आई. हायवेचं काम चालू होतं. मैलोन् मैल कच्चे वळणरस्ते. बेळगावच्या पुढे एका वळणरस्त्यावर मी फार सांभाळून जात होते, तर बाबा मागं बघून हळूच म्हणाले, "आवाज करू नकोस." आई झोपल्या होत्या. तोंड उघडं, डोकं गाठोड्यावर, गाडीबरोबर अलगद वरखाली होत होतं. प्रवासात कधी डोळा न लागणारी बाई. बाबा किती तरी वेळ मान वळवून तसेच बसले. मी म्हटलं, "मान आखडेल तुमची." ते म्हणाले, "असू दे."

ट्रॅकवर आमच्याएवढी साधी गाडी दुसरी नव्हती. आईंनी झाडाखाली सतरंजी टाकली आणि झेंडेवाल्या पोरांना पुऱ्या वाटायला सुरुवात केली. भाषा कोणाची कोणाला येत नव्हती, पण डबा रिकामा होत होता. बाबांनी टो फिरवला आणि मी पहिल्या फेरीला गेले.

गाडी वळेना. पुढची चाकं किंचाळत सरळच जायची. मी घामाघूम होऊन परत आले. बाबा तोवर तारेच्या कुंपणाला नाक लावून एका वळणावर उभे होते.

"मागचा भाग आरामात बसून राहतोय आणि पुढची चाकं एकटी राबतायत," ते म्हणाले.

"मागच्या टायरमध्ये हवा वाढवून बघू? मागची पकड जरा कमी होईल, मग मागून फिरेल."

"बघू. पण थोडीथोडी. आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बदल."

मी हसले. आमच्या टेस्टिंगच्या टीमलीडचं हेच वाक्य होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग शहाणा आहे तो."

थोडी हवा, एक फेरी, पुन्हा थोडी हवा. जेवणाच्या सुमाराला गाडी अशी वळायला लागली की मी हेल्मेटमध्ये एकटीच ओरडत होते. माझ्यापेक्षा मोठ्या गाड्या अर्थातच पुढं गेल्या. मी शेवटून तिसरी आले. पण एका लांब डाव्या वळणावर मी एका मोठ्या गाडीच्या मागच्या काचेतून तिच्या मालकाचा आरशातला चेहरा बघितला, आणि तो काळजीत होता. त्यावर मी पुढचे सहा महिने काढले.

शेवटी शेजारी माणूस बसवून सावकाश फेऱ्या मारायला परवानगी मिळाली. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला रामेश्वरपर्यंत जायचंय." बाबांनी मात्र लगेच हेल्मेट मागून घेतलं. ते त्यांना उलटं घालता येईना, सुलटंही घालता येईना. शेवटी मी पट्टा लावून दिला.

सावकाश म्हणजे तरी रस्त्याच्या मानानं बरंच होतं. पहिल्या वळणाला त्यांनी दारावरचा दांडा धरला. दुसऱ्या वळणाला मी चोरून पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते. घाबरले वाटून मी वेग कमी केला.

"कमी नको करू," ते डोळे न उघडता म्हणाले. "ऐकतोय."

मी पुन्हा पाय दाबला. गाडी कलली, थांबली, टायर बसला, वळण संपलं तशी सरळ झाली आणि गप्प बसली. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा तळवा सीटवर जरासा वर व्हायचा आणि टेकायचा. आत येऊन मी इंजिन बंद केलं. ते हेल्मेट न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं शॉकअप माझ्यासमोर जागच्या जागी वरखाली होत होते. ते गाडीत जाऊन काय करतात, हे कुणी दाखवलंच नव्हतं." आणि काच खाली करून बाहेर बघायला लागले. मीही दुसऱ्या बाजूला बघितलं.

चाकं पुन्हा समांतर करून आम्ही रामेश्वर केलं. समुद्रावरच्या पुलावर वारं इतकं होतं की आईंनी गडू पोटाशी धरला. परतताना टायर थोडे आतल्या बाजूनं झिजले होते, पण घरापर्यंत पुरले. अनिरुद्धचा अमेरिकेहून फोन आला. "तू माझ्या आईवडिलांना रेसच्या ट्रॅकवर नेलंस?" बाबांनी रिसीव्हर माझ्याकडून घेतला. "तिनं नाही नेलं. आम्ही तिघं गेलो होतो," असं म्हणून ते त्याला कॅम्बर समजावून सांगायला लागले. आयएसडीवर, आणि चाकाचा कोन हातानं दाखवून.

पुढं बाबुरावांच्या वर्कशॉपमध्ये बाबांसाठी एक स्टूल आलं. हौशी पोरं शॉकअप घेऊन तिथं यायला लागली. बाबा आधी विचारत, "घरी म्हातारं माणूस कोण आहे? त्याला मागं बसवून आण." पोरांना वाटायचं विनोद करताहेत. ते मुळीच विनोद करत नसत. माणूस आणेपर्यंत शॉकअप उघडायचे नाहीत.

एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बसनं भोसरीला जायला फार वेळ जातो. मला गाडी शिकव." साठी जवळ आलेली. त्यांना क्लच कळायला पावसाळा गेला. आयटी पार्कच्या मागच्या त्याच रस्त्यांवर आम्ही शिकलो. तोवर तिथं इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि सुरक्षा रक्षक आम्हाला बघून आधीच फाटक लावून घेत. परवाना दुसऱ्या प्रयत्नात मिळाला. पहिल्या प्रयत्नात त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबाला त्याच्या जीपचा मागचा शॉकअप बदलायला सांगितलं होतं.

चालवतात ते फार हळू. मागून हॉर्न वाजतात, रिक्षावाले काहीबाही बोलून जातात, बाबांना ऐकू येत नाही असं नाही. "मला घाई नाही," म्हणतात. आई त्यांच्याबरोबर बसतात, पण मागच्या सीटवर. आठवड्यातून तीन दिवस पांढरा शर्ट घालून ते भोसरीला जातात, आणि पोचल्यावर मला ऑफिसात फोन करतात. "पोचलो," म्हणतात. "नाशिक फाट्याला जरा गर्दी होती."